आषाढातल्या अकरा नोंदी

हे लिहून ठेवणारा मी, पद्माकर विठ्ठल आरोंदेकर, वय चौऱ्याहत्तर, व्यापारी जहाजांवरचा निवृत्त चीफ इंजिनिअर, सिंगापूरचा नागरिक, राहणार क्लेमेंटी. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव आणणारी एकच व्यक्ती या घरात होती आणि ती आता नाही. लिहायला आज, ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला बसलो आहे, कारण आज मला ओवाळायला कुणी नाही आणि दुपार रिकामी आहे.

घरदार, भांडीकुंडी यासाठी मी एवढा खटाटोप केला नसता. ते मुलांनी समजुतीने वाटून घेतलंच असतं. हे मृत्युपत्र मी करतो आहे ते माझी पत्नी कै. सुलेखा हिच्या वह्यांसाठी. तिच्या नोंदी खोट्या नव्हत्या. त्या खोट्या ठरवल्या गेल्या त्या माझ्या चुकीमुळे. हे माझ्या सहीनिशी कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढीच माझी इच्छा आहे. बाकीची कलमं रीत म्हणून.

कलम १. यापूर्वी २००९ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात सगळं सुलेखाच्या नावे होतं. माझं वय जास्त, माझं ब्लडप्रेशर जास्त, तेव्हा मी आधी जाणार हे आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं. ती २०१७ च्या ऑगस्टमध्ये गेली, मेथी निवडता निवडता. अर्धी जुडी निवडायची राहिली होती.

कलम २. माझा मुलगा तन्मय याला मी व्यवस्थापक नेमतो. तो चांगी बिझनेस पार्कात बँकेचं काम करतो, त्याला कागदपत्रांची सवय आहे. कोर्टासाठी या मजकुराचं इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागेल. तन्मय, ते करून घेताना माझी वाक्यं सभ्य करायला सांगू नकोस.

कलम ३. क्लेमेंटीचा फ्लॅट नियमाप्रमाणे विकून येणारी रक्कम तन्मय आणि माझी मुलगी प्रणिता यांनी सारखी घ्यावी. सीपीएफचं, म्हणजे इथल्या प्रॉव्हिडंट फंडाचं, नॉमिनेशन वेगळं केलेलं आहे, ते मृत्युपत्रात येत नाही. फ्लॅट घेणाऱ्याला सांगावं की मागच्या बाजूच्या आवळ्याच्या झाडाखाली पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी पांढऱ्या छत्र्या उगवतात. घर बघायला येणाऱ्यांना ही माहिती नको असते, पण सांगावी.

कलम ४. स्वयंपाकघरातलं सगळं प्रणिताला. पुण्याला न्यायला जड होईल, तरी पितळेची मोठी ताटली न्यावीच. हिच्यातूनच २०१५ साली सुलेखाने आमचे जावई धवलराव यांना अधिक महिन्याचं वाण दिलं होतं, तेहतीस अनारसे, वर दिवा. या ताटलीचा उल्लेख पुढे येईल, म्हणून वेगळी नोंदवली.

कलम ५. माझी हत्यारं. पाने, स्क्रू-ड्रायव्हर वगैरे तन्मयला, त्याला वापरता येत नाहीत तरी. पण तीन वस्तू तन्मयची मुलगी ऋता हिला द्याव्यात: लांब दांड्याचा छोटा आरसा, व्हर्नियर कॅलिपर आणि भिंग. हा आरसा आम्ही इंजिनरूममध्ये पाइपच्या मागची गळती बघायला वापरायचो. २००३ मध्ये मी बोट कायमची सोडून घरी आलो तेव्हा तो ट्रंकेत पडून होता. सुलेखाने तो उचलला आणि अळंब्यांच्या टोपीखाली धरायला लागली. पार्कातलं काही उपटायचं नाही असा इथला नियम. तिनं चौदा वर्षांत एकही छत्री उपटली नाही. ओणवी व्हायची, आरसा खाली सरकवायची आणि टोपीखालच्या पट्ट्या मोजायची. मला म्हणायची, "तीस वर्षं तुम्ही यातनं तेलच बघितलंत." ऋताला मी विचारलं, घेशील का. ती म्हणाली, "कॅन लाह, आजोबा, बट नॉट नाऊ, आय हॅव ट्यूशन." ही संमती समजावी.

कलम ६. सुलेखाच्या चौदा वह्या.

सुलेखा आंबोलीकडची. तिकडे अळंबी म्हणजे पावसातलं जेवण. कुठली खायची, कुठलीपासून लांब राहायचं हे तिला चालता यायच्या आधीपासून माहीत असावं. लग्न होऊन मुंबईला आली, मग माझ्यामुळे सिंगापूरला, आणि वीस वर्षं बोट येईल त्या दिवशी बंदरावर उभी राहण्यात गेली. मी निवृत्त झालो तेव्हा मला वाटलं होतं, आता आम्ही दोघं निवांत बसू. दोन महिन्यांत लक्षात आलं की मला घरात बसता येत नाही आणि तिला मी घरात बसलेलं चालत नाही. तेव्हा आम्ही सकाळी चालायला लागलो. कालव्याच्या कडेनं, जुन्या रेल्वेच्या रुळांच्या बाजूनं, रविवारी पुलाउ उबीन बेटावर. चांगीच्या धक्क्यावर बारा माणसं जमल्याशिवाय बमबोट सुटत नाही. आम्ही दोघं बाकावर बसून बाकीच्या दहांची वाट बघायचो. ती डब्यातली थालीपीठं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायची आणि मला मेलं एकच उरायचं. आयुष्यात एवढा सुखी मी कुठल्याही बंदरावर नव्हतो.

पहिल्या वर्षी तिनं सोळा प्रकार लिहिले. शेवटी एकशे नव्वदच्या वर गेले होते. जमिनीवरच्या, लाकडावरच्या, कानासारख्या, पोवळ्यासारख्या, वाटाण्याएवढ्या. शास्त्रीय नावं तिला नंतर आमच्यासारख्याच बुरशी बघत फिरणाऱ्या रविवारच्या मंडळींकडून कळायची, पण वहीत ती स्वतःची नावं लिहायची. अंगाभोवती जाळीचा झगा पसरते आणि दुपारपर्यंत मान टाकते ती पदरवाली. कुजका वास मारत दर पावसात त्याच जागी उभी राहते ती सासूबाई. माझ्या आईला हे कधी कळलं नाही, देवाची कृपा. आणि एक लालबुंद, ताठ, उन्हं वर आली की आक्रसून जाणारी, तिचं नाव चीफसाहेब. त्या जातीच्या सतरा नोंदी आहेत. मी मोजल्या आहेत.

प्रत्येक नोंदीला चित्र, जागा, झाड, वास, व्हर्नियरनं घेतलेलं माप. आणि तिथी. तारीख नाही, तिथी. तिच्या माहेरी अळंबीची आठवण तिथीनंच ठेवत. "सिंगापूरच्या बुरशीला आपल्या तिथ्या कळतात का," असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "तिला तुमच्या तारखा तरी कुठे कळतात."

या चौदा वह्या मी ऋताला देत आहे. मराठी वाचायला ती शिकेपर्यंत तन्मयने सांभाळाव्यात. कोरड्या जागी ठेवाव्यात. वह्यांना बुरशी लागली तर सुलेखा वरून हसेल.

कलम ७. माझी चूक. हे कलम लांब आहे, पण कुणी कापू नये.

आमच्या रविवारच्या गटात तेव्हा वीसेक माणसं होती. बहुतेक चिनी, काही मलय, दोन-तीन तमिळ आणि तिघं आपले: आम्ही दोघं आणि निशिकांत परचुरे. निशिकांत पुण्याचा, आयटीतला, आमच्या तन्मयहून चार-पाच वर्षांनी मोठा, आम्हाला काका-काकू म्हणतो. पश्चिम सिंगापूर आणि उबीन इथल्या रानटी बुरशींची यादी गटानं करायला घेतली होती आणि ती निशिकांतच्या लॅपटॉपवर होती. त्याला प्रत्येक नोंदीला इंग्रजी तारीख हवी होती. सुलेखाला त्यात रस नव्हता. मी म्हटलं, मी करून देतो. तीस वर्षं लॉगबुक लिहिलेल्या माणसाला तारखा लावणं काय अवघड.

पंचांग शोधायचा मी कंटाळा केला. प्रत्येक वर्षीच्या गुढीपाडव्याची तारीख घेतली आणि तिथून चंद्राचे महिने मोजत गेलो. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. सरळ हिशेब. दर तीनेक वर्षांनी शेवटचा महिना कोरा राहत होता. मला वाटलं, त्या महिन्यात ती दमली असेल. मी तसं शेऱ्यात लिहिलंसुद्धा: 'निरीक्षकास विश्रांती'.

२०१६ च्या मार्चमध्ये फूड कोर्टातल्या टेबलाभोवती आम्ही सगळे यादी तपासत होतो. २०१५ च्या आषाढातल्या तिच्या अकरा नोंदी आल्या. त्यातली एक महत्त्वाची होती. उबीनवर तोवर कुणीच न पाहिलेली. तिच्या वहीत असं आहे:

"आषाढ पौर्णिमा. उबीन. जुन्या घराच्या मागे रबराच्या ओंडक्यावर सात. टोपी निळसर, कडेला फिकी, नखाएवढी. वास ओल्या काथ्याचा. हे आले नाहीत, गुडघ्याचं निमित्त."

माझ्या तक्त्यात तारीख होती २ जुलै. निशिकांत थांबला. त्यानं फोन काढला आणि प्रणितानं टाकलेला फोटो दाखवला. २ जुलै, पुणे. धवलराव पाटावर, सुलेखा समोर, हातात पितळेची ताटली, तेहतीस अनारसे, दिवा. "काकू," तो म्हणाला, "या दिवशी तुम्ही पुण्यात होतात." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण फोन टेबलाभोवती हातोहात फिरला. बाकीच्या दहाही नोंदी ती पुण्यात असतानाच्या निघाल्या.

सुलेखानं माझ्याकडे बघितलं. आणि मी, तिचा नवरा, सगळ्यांसमोर विचारलं, "सुलेखा, तू हे खरंच पाहिलंस का?"

ती म्हणाली, "मी पाहिलं ते लिहिलं. तारीख तुम्ही लिहिलीत. मी तिथी लिहिली होती."

एवढंच. यात सगळं होतं. मला फक्त तक्ता परत तपासायचा होता. पण मी चीफ इंजिनिअर, माझा हिशेब चुकतो कुठे. मला वाटलं, ही आता हट्टाला पेटली आहे, म्हातारपणी लोकांना काहीतरी नवीन दाखवायचा मोह झाला असेल. मला तिची लाज वाटली. हे लिहायला फार जड जातं आहे, पण वाटली.

गटानं तिच्या अकरा नोंदी काढल्या आणि मग, एक खोटं तर बाकीचं कशावरून खरं म्हणून, चौदा वर्षांच्या सगळ्याच नोंदी एका वेगळ्या फाइलीत टाकल्या. त्या फाइलीचं नाव 'अविश्वसनीय'. सुलेखा रागावली नाही. तिनं घरी येऊन आरसा पुसून ट्रंकेत ठेवला आणि त्यानंतर एकही ओळ लिहिली नाही. चालायला यायची. वाटेत पदरवाली दिसली तर मी दाखवायचो. ती म्हणायची, "हो, छान आहे," आणि पुढे जायची.

या वर्षी मे महिन्यात प्रणिताचा फोन आला. म्हणाली, "बाबा, अधिक ज्येष्ठ लागलाय. आई असती तर अनारसे घेऊन आली असती ना." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मागच्या वेळी अधिक आषाढ होता, आठवतं? अधिक संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी विमानात बसली, म्हणाली, माझी अळंबी वाट बघतेय."

मी फोन ठेवला आणि लिटिल इंडियात जाऊन एका दुकानातून यंदाचं पंचांग आणलं. मग जुन्या वर्षांची पंचांगं इंटरनेटवर शोधली. २०१५ साली आषाढ दोन होते. अधिक आषाढात ती पुण्यात जावयाला वाण देत होती. परत आली ती खऱ्या आषाढात आणि आषाढातल्या नोंदी तिनं आषाढ म्हणूनच लिहिल्या. ती पौर्णिमा २ जुलैची नव्हे, ३१ जुलैची. अधिक महिन्याचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं. मी बाराच मोजले. दर तीनेक वर्षांनी कोरा राहणारा महिना तिच्या विश्रांतीचा नव्हता, माझ्या अडाणीपणाचा होता.

आणि तो फोटो. टेबलावर आम्ही तीन मराठी माणसं होतो, त्यातली खोटी ठरत होती ती एक, आणि उरलेल्या दोघांनी तो डोळे फाडून बघितला. तेहतीस अनारसे माणूस कधी देतो? दोघांनाही अनारसे दिसले, अधिक महिना दिसला नाही.

कलम ८. माझ्या मृत्यूनंतर एक महिन्याच्या आत व्यवस्थापकाने कलम ७ ची इंग्रजी प्रत, पाच अधिक वर्षांच्या दुरुस्त तारखांचा तक्ता आणि माझी सही असलेलं पत्र रविवारच्या गटाला नेऊन द्यावं आणि सुलेखाच्या सर्व नोंदी मूळ यादीत घ्याव्यात अशी विनंती करावी.

कलम ८ वर मी एक आडवी रेघ मारली आहे. इंजिनरूमच्या लॉगबुकात खोडरबर चालत नाही. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे आणि बाजूला सही. बाजूला सही केली आहे. कारण खालीलप्रमाणे.

हे कलम लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं. मेपासून सहा महिने मला सगळं ठाऊक होतं आणि मी कुणालाही बोललो नव्हतो. का, तर लोक हसतील. म्हणून मी मेल्यावर मुलानं जाऊन सांगावं अशी व्यवस्था करीत होतो. तन्मयला कळलं असतं तर तो म्हणाला असता, "बाबा, यू गो युवरसेल्फ."

म्हणून लिहिणं तिथेच थांबवलं आणि ९ डिसेंबरच्या रविवारी मी गेलो. तेच फूड कोर्ट, तेच टेबल. सतरा माणसं होती. मी उभा राहिलो, इंग्रजीत सांगितलं. तेरा महिन्यांचं वर्ष समजावताना माझी जीभ अडखळत होती. आमच्या ब्लॉकमधल्या मॅडम गोह गटात सुरुवातीपासून आहेत, त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "लीप मंथ? आमच्याकडेपण असतो. विचारायचं ना, लाह." सगळे हसले. मीही हसलो. ज्या हसण्याला मी सहा महिने घाबरलो होतो ते एवढंसं होतं.

निशिकांत हसला नाही. त्यानं लॅपटॉप उघडला, ती फाइल काढली आणि माझा दुरुस्त तक्ता शेजारी ठेवून एकेक नोंद मूळ यादीत घालायला बसला. दोन तास लागले. मी शेजारी बसून तिथ्या वाचत होतो. निळसर टोपीची नोंद आली तेव्हा तो म्हणाला, "काका, मीपण बघायला हवं होतं. आमच्या घरीही देतात वाण." मग पुढची नोंद घालता घालता, "काकूंना मी नंतर कधी फोनच केला नाही." मी त्यापुढची तिथी वाचली.

यादीत आता निरीक्षकाच्या रकान्यात 'सुलेखा आरोंदेकर' एकशे नव्वदहून जास्त प्रकारांपुढे आहे. शेऱ्यातलं 'निरीक्षकास विश्रांती' मी माझ्या हातानं खोडलं, एका रेघेनं.

कलम ९. निशिकांत परचुरे याला मी काहीही देत नाही. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असा इथला कायदा आहे. त्याला साक्षीदार करण्यामागे माझा हेतू थोडा हाही होता. बाकी माझा त्याच्यावर राग नाही. चूक माझ्या तक्त्यात होती, त्यानं फक्त ती वाचली.

कलम १०. माझे अंत्यविधी इथेच मंडाई क्रिमेटोरियममध्ये साधेपणाने करावेत. अस्थी आंबोलीला वगैरे नेण्याचा खर्च करू नये, सुलेखाच्याही इथल्याच समुद्रात सोडल्या आहेत. त्या समुद्राला मी चांगला ओळखतो.

कलम ११. माझ्या मालमत्तेत आणखी एक गोष्ट शिल्लक आहे आणि ती कुणाच्या नावे करावी हे मला ठरवता आलेलं नाही. वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मयत व्यक्तीच्या नावे काही ठेवता येत नाही. तरी मी हे कलम ठेवतो. कोर्टानं दुर्लक्ष करावं.

सुलेखा, तू पाहिलं होतंस. त्या टेबलावर मी प्रश्न विचारला तो विचारायला नको होता. त्यानंतर सतरा महिने तू रोज माझ्या समोर बसून जेवत होतीस. तुझं खरं, माझं चुकलं, असं मला कधीही म्हणता आलं असतं. त्यासाठी हिशेब तपासायचीसुद्धा गरज नव्हती, तू सांगत होतीस एवढं पुरेसं होतं. बायकोचं खरं मानायला मला पंचांगाचा पुरावा लागला, आणि तो हातात आला तेव्हा तू नव्हतीस. यादी दुरुस्त झाली. हे दुरुस्त झालं नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर त्यावर सही केली. दोघांनीही माझ्या व एकमेकांच्या समोर सह्या केल्या. मॅडम गोह यांना मराठी येत नाही. मजकूर त्यांना निशिकांतने इंग्रजीत सांगितला. कलम ११ त्यानं सांगितलं नाही, ते त्यांनी मलाच विचारून घेतलं.

लिहून ठेवणार: पद्माकर विठ्ठल आरोंदेकर (सही)

साक्षीदार:
१. निशिकांत परचुरे (सही)
२. गोह सिउ लान (सही)

ठिकाण: क्लेमेंटी, सिंगापूर
दिनांक: २२ डिसेंबर २०१८